एकवीस नंबरचा कोट

तिच्या दुकानात कोट दुरुस्तीला घेऊन जा आणि मग गंमत बघा. तुम्ही सांगायला जाता, बाई, खिसा फाटलाय, बाई, कोपर विरलंय. तिचं लक्षच नसतं. ती आधी कोट उलटा करते, खालची कड हातात धरते आणि अस्तराची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाखालून घालते. खिसा राहिला बाजूला. एक गिऱ्हाईक एकदा वैतागून म्हणालं, "कोट चोरीचा वाटतोय की काय तुम्हाला?" ती म्हणाली, "नाही हो. ओळखीचं कुणी आहे का बघते." गिऱ्हाईक कोट ठेवून निघून गेलं. 

आता तिची पन्नाशी जवळ आली. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, दोन मशिनं, एक इस्त्री आणि हाताखाली तिघीजणी. बाई तोंडाने फटकळ. पण शनिवारी बाराच्या ठोक्याला तिघींच्या हातात मजुरी ठेवल्याशिवाय घोटभर चहासुद्धा घेत नाही. "नंतर देते" हे शब्द तिथे थट्टेतसुद्धा कुणी काढायचे नाहीत.  तिला सगळे डावरी म्हणतात, कारण ती डाव्या हाताने शिवते. हे नाव पडलं ती पंधरा वर्षांची असताना, कोटांच्या एका कारखान्यात. आणि खरं सांगायचं तर त्या कारखान्यात ती नव्हतीच. म्हणजे रोज जात होती, शिवत होती, पण कागदावर तिथे तिची मेलेली बहीण काम करत होती.

हे जरा नीट सांगायला हवं. दोघी बहिणी, चार वर्षांचं अंतर. वडील डावरीला आठवतही नाहीत. आई लोकांचे जिने पुसायची, पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि ते सुटलं. मग थोरली कारखान्यात लागली आणि घर तिच्यावर चालू झालं. कारखान्यात कुणाला नाव नव्हतं, नंबर होता. सकाळी मुकादमबाई वही घेऊन दाराशी उभी राहायची, नंबर पुकारायची, आणि बायका "हजर" म्हणत एकेक करून आत जायच्या. थोरलीचा नंबर एकवीस. काम हाताचं. कोट मशिनवर शिवून यायचा, पण आतल्या अस्तराची खालची कड हातानेच शिवावी लागायची, बारीक तिरक्या टाक्यांनी, नाहीतर अस्तर बाहेर डोकावतं. प्रत्येक कोटाला नंबराची चिठ्ठी. अर्धी कोटाला टाचलेली, अर्धी फाडून शिवणारीच्या सुईदोऱ्याच्या डब्यात. जितक्या अर्ध्या चिठ्ठ्या तितकी मजुरी.

एका बुधवारी थोरली कोट अर्ध्यात टाकून घरी आली. अंगात ताप होता. रविवारी ती गेली. मधल्या चार दिवसांत काय काय झालं ते इथे उगाळत बसत नाही. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांना सांगायची गरज नाही, आणि इतरांना सांगून कळायचं नाही.

तीन दिवसांनी आईने डावरीला कारखान्यात पाठवलं. तिथलं कार्ड परत द्यायचं आणि थोरलीची राहिलेली मजुरी मागायची, एवढंच काम. पोरीने वाटभर वाक्य घोकलं होतं. "बाई, हे कार्ड परत द्यायला आलेय." दाराशी रांग होती म्हणून ती रांगेत उभी राहिली. मुकादमबाईने पुकारलं, वीस. पुढची बाई हजर म्हणून आत गेली. मुकादमबाईने पुकारलं, एकवीस. आणि घोकलेलं वाक्य राहून गेलं. पोरीच्या तोंडून निघालं, "हजर."

मुकादमबाईने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. थोरली गेल्याचं तिच्या कानावर आलेलं होतं. दारावर पाटी होती की सोळा वर्षांच्या आतल्या कुणाला काम मिळणार नाही. पण ऑर्डर डोक्यावर होती आणि दोन हात कमी पडत होते. तिला दया आली की तिची सोय झाली, ते तिचं तिलाच माहीत. तिने वहीत खूण केली आणि म्हणाली, "जा आत. बाविसाव्या बाईच्या शेजारचं स्टूल."

स्टुलावर एक करडा कोट घडी घालून ठेवला होता. बरी होऊन येईल आणि पुरा करील म्हणून कुणी हात लावला नव्हता. अर्धी कड शिवून झालेली, आणि सुई तशीच कापडात टोचलेली, ओवलेली. पोरीने सुई हातात घेतली. डाव्या हातात. शिवणं तिला ताईनेच शिकवलं होतं, समोरासमोर बसून, आरशात बघितल्यासारखं. ताईचे टाके एका बाजूला कलायचे, हिचे दुसऱ्या. ताईचा शेवटचा टाका जिथे संपला होता तिथून हिने पहिला घातला. दुपारी त्याच कोटावर वरच्या मशिनमधून तेल सांडलं आणि तो डागी मालाच्या खुंटीवर गेला. तेव्हा त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन पोरीने आईला सांगितलं, आई, त्यांनी मला आत घेतलं.  दुसऱ्या दिवशी आईने थोरलीचा डबा भरला, थोरलीच्या चपला दाराशी काढून ठेवल्या, आणि पोर निघाली तेव्हा मागून म्हणाली, "थोरले, लवकर ये गं."

 पोर "हो" म्हणाली.

इथून पुढचे अकरा आठवडे हे असंच चाललं. चपला एक माप मोठ्या, पुढे चिंध्या कोंबून घालायच्या. डबा उघडला की झाकणाला ताईच्या केसांच्या तेलाचा वास. बाविसावी बाई मनाने चांगली, पण थोरलीची दोन वर्षांची सवय. कात्री देताना ती उजव्या बाजूला ठेवायची, आणि पोरीने ती डाव्या हाताने ओढून घेतली की दचकायची. "अगं हो, तू ती डावरी नाही का," म्हणायची. बायका तिच्याशी बोलता बोलता मधेच थांबायच्या. ताईची पितळी टोपी, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती, पोरीच्या बोटाला गच्च बसायची, काढली की बोटावर वळ. घरी आई विचारायची, "आज किती कोट झाले तुझे थोरले?" आणि पोर आकडा सांगायची. एखाद्या दिवशी ती आरशासमोर उभी राहायची आणि तिला खरोखरच कळायचं नाही की धाकटी कुठे गेली. घरात दोन मुली होत्या. त्यातली एक वारली. पण आईच्या तोंडून, वहीतून, कार्डावरून जी नाहीशी झाली होती ती हीच होती.

आणि पैसा? पैसा नाहीच. मालक वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसायचा. ऑर्डर मोठी आहे, माल गेला की सगळ्यांना एकदम देतो, म्हणून त्याने सगळ्यांचीच मजुरी अडवून धरली होती. इकडे खोलीचं भाडं थकलं. खोलीवाल्याने महिनाअखेरची मुदत दिली, की भाडं तरी द्या, नाहीतर सामान उचला.

अकराव्या आठवड्यात माल गेला. शनिवारी सगळ्या बायका रांगेने वर गेल्या आणि पाकिटं घेऊन खाली आल्या. एकवीस नंबर गेला तेव्हा मालकाने वही मिटली. कुणीतरी त्याचे कान भरले होते.

"एकवीस नंबर मेलीय असं ऐकतो मी," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाला मजुरी कशी देणार?"

"काम मी केलंय," पोर म्हणाली.

"तू कोण? तुझं कार्ड कुठंय?" मग जरा आवाज उतरवून त्याने दोन नोटा पुढे सरकवल्या आणि एक कोरा कागद. "हे घे, उगाच पोटावर पाय नको. इथे सही कर, सगळं मिळालं म्हणून."

दोन नोटा म्हणजे दोन आठवड्यांचीसुद्धा मजुरी होत नव्हती. पण भाड्याच्या नावाने काहीतरी झालं असतं. पोरीने हात पुढे केला होता, हे ती आजही कबूल करते. पण सही काय करायची? ताईची की स्वतःची? त्या एका विचाराने हात थांबला. ती नोटा न घेता खाली आली आणि जिन्याखाली बसून रडली.

मुकादमबाईने तिला तिथे गाठलं. मूग गिळून बसायची सवय झालेली बाई, पण त्या दिवशी तिलाही लाज वाटली असणार. म्हणाली, "कोऱ्या कागदावर सही केली नाहीस ते बरं केलंस. ऐक. चिठ्ठ्या जपून ठेवल्यास का?" पोरीने सुईदोऱ्याचा डबा उघडून दाखवला. एकशे त्रेचाळीस अर्ध्या चिठ्ठ्या. "कुठल्या दिवशी आलीस, कुठल्या नाही, आठवतंय तोवर लिहून काढ. मग बाजारामागे कामगारांची कचेरी आहे तिथे जा. तू लहान आहेस म्हणून घाबरू नकोस. आणि मला बोलावलं तर मी येईन." मग थोडं थांबून म्हणाली, "बघू, तेवढी हिंमत झाली तर."

कचेरी म्हणजे अंधारा बोळ, दोन बाकं आणि टेबलामागे एक थकलेली बाई, कानात कापूस घातलेली. डावरी दोनदा जाऊन दाराशीच परत आली. तिसऱ्यांदा त्या बाईनेच हाक मारली. "काय गं, बाकं मोजायला येतेस का?"

पोरीने कारखान्याचं आणि अडलेल्या मजुरीचं सांगितलं. बाई लिहून घेत होती.

"वय?"

"पंधरा. पण मॅडम, पाटीवर लिहिलंय सोळाच्या आत..."

"ते मालकासाठी लिहिलंय. तुला ठेवलं ही चूक त्याची. तू काम केलंस ना? मग मजुरी तुझी. वय कमी म्हणून मजुरी बुडत नाही, आणि तक्रारीला पैसे पडत नाहीत. एकवीस नंबर कोण?"

"माझी ताई."

"कुठे असते?"

आणि इथे गाडी अडली. अकरा आठवड्यांत तो शब्द पोरीने एकदाही उच्चारला नव्हता. घरात आई तो उच्चारू देत नव्हती. बाईने कानातला कापूस काढून कान पुढे केला, तेव्हा पोर पुटपुटली, "वारली."

"मग तिच्या मृत्यूचा दाखला लागेल," बाई म्हणाली. तिचा आवाज जरा मऊ झाला होता. "त्यावर तारीख असते. त्या तारखेनंतरचं काम तिचं नाही एवढं तरी सिद्ध होईल. मग ते तुझं, हे सिद्ध करू. पण दाखला आण. आणि आई येऊ दे."

दाखला आरशामागे होता. आईने तो तिथे खोचला होता, हे पोरीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गुपचूप काढून घेता आला असता. तिने काढला नाही. ती आईसमोर बसली आणि मागितला.

आईने ऐकूनच घेतलं नाही. "नको. जाऊ दे तो पैसा, पाणी सोड त्यावर. माझी पोर कामाला जाते. रोज जाते. कचेरीत तो कागद गेला की सगळ्यांनी लिहून ठेवलं, ती नाही म्हणून."

"आई, खोली जाईल."

"जाऊ दे."

"मग मी कुठे जाऊ?" पोरीचा आवाज चढला. "रोज मी हजर म्हणते आणि खूण तिच्यापुढे पडते. घरी येते तर तू तिला विचारतेस कोट किती झाले. मला एकदा तरी विचार. मी शिवलेत ते. माझी हजेरी कुठेच लागत नाही गं आई. मला भीती वाटते, मीच मेलेय आणि ती जिवंत आहे."

आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. पोर तशीच झोपली. सकाळी आई म्हणाली नाही, लवकर ये गं थोरले.  हे पोरीला जास्त लागलं.

कचेरीतल्या बाईने मालकाला बोलावून घेतलं, त्या दिवशी डावरी एकटीच तिथे गेली. मालक आधीच आलेला, पाय लांब करून. बाईने त्याला डागी माल घेऊन यायला लावलं होतं, कारण चांगला माल तर केव्हाच गेलेला. एकवीस नंबरची चिठ्ठी असलेले पाच कोट टेबलावर होते. मुकादमबाई आली होती. हिंमत झाली होती म्हणायची.

मालक म्हणाला, "माझं काही म्हणणं नाही. एकवीस नंबरला आणा, आत्ता तिच्या हातावर पैसे मोजतो."

"ती यायची नाही," मागून आवाज आला. आई दारात उभी होती, चौकट धरून, जिना चढून दम लागलेली. ती पुढे आली आणि पिशवीतून दाखला काढून टेबलावर ठेवला. त्यावरचा हात मात्र लवकर उचलला नाही. "ती गेली. ही दुसरी. माझी धाकटी."

बाईने तारीख वाचली. मग पोरीला सुईदोरा आणि कापडाचा तुकडा दिला. "शीव." पोरीने कड घातली, दहा-बारा टाके. बाईने तो तुकडा कोटांना लावून बघितला. चार कोटांवर तोच कल, डावा. पाचवा करडा होता, त्यावर तेलाचा डाग. बाईने कड हातात धरली आणि थांबली. अर्ध्यापर्यंत टाके एका बाजूला कललेले, आणि मग एका जागी, मधे बोटभरही जागा न सोडता, दुसऱ्या बाजूला.

"हे दोन हात आहेत," बाई म्हणाली.

"बुधवारी ती अर्ध्यात उठून गेली," मुकादमबाई म्हणाली. "उरलेलं हिने शिवलं. माझ्या डोळ्यांसमोर."

मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. मग फार वेळ लागला नाही. चिठ्ठ्या मोजल्या, दिवस लावले, अकरा आठवड्यांची पुरी मजुरी टेबलावर आली. वर ताईच्या शेवटच्या दोन दिवसांची, सोमवार आणि मंगळवारची. ती आईच्या नावे. बाई पोरीला म्हणाली, "आता सही कर. तुझी." पोरीने केली. अकरा आठवड्यांनंतर स्वतःची सही करताना तिला अक्षरं आठवावी लागली.

आई तिकडे बघतच नव्हती. ती करड्या कोटापाशी उभी होती. टाके जिथे बदलत होते तिथे तिने बोट ठेवलं होतं, आणि त्या बोटाने ती जागा हळूहळू चोळत होती.

"हा केवढ्याला द्याल?" तिने मालकाला विचारलं.

मालकाला सूड उगवायची संधी मिळाली. डागी माल, तरी त्याने पुरी किंमत सांगितली. सहा आठवड्यांची मजुरी.

आईने धाकटीकडे बघितलं. मागितलं काही नाही, नुसतं बघितलं. आता पैसे हिचे होते ना. सही हिची होती. पोरीने मनात हिशोब केला. भाडं दिलं तर कोट नाही, कोट घेतला तर खोली नाही.  यावर बाईच्या कायद्यातही काही नव्हतं.

"नको आई," पोर म्हणाली.

आईने मान हलवली. बोट उचललं. मालकाने पाचही कोट खांद्यावर टाकले आणि गेला. पुढे तो सगळा डागी माल ठोक भावात कुठेतरी विकला गेला, कुठे ते मुकादमबाईलाही सांगता आलं नाही.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना पोरीच्या पायात अजून त्याच मोठ्या चपला होत्या. मागून आई म्हणाली, "धाकटे, पाय सांभाळ." एवढंच. पोर पायरीवरच बसली आणि हुंदके देऊन रडली, आणि आई गुडघे धरून तिच्या शेजारी बसली.

खोली राहिली. डावरी दुसरीकडे कामाला लागली, स्वतःच्या नावाने, पुढे दुकान टाकलं. आई म्हातारी होऊन गेली. त्या दिवसाबद्दल तिने पोरीला कधी बोल लावला नाही, आणि तेच पोरीला आयुष्यभर पुरलं. तिने बरोबर केलं की नाही? भाडं द्यायलाच हवं होतं, कुणीही हेच सांगेल. तीही सांगते. पण रस्त्यात करडा कोट दिसला की तिचे पाय अजून त्याच्यामागे वळतात. परवा एक म्हातारा असाच कोट घेऊन दुकानात आला, बटण तुटलं म्हणून. तिने तो उलटा केला, कड बोटाखालून घातली, सगळी, टोकापर्यंत. टाके सगळे एकाच हाताचे होते. तिने बटण लावून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.